बहिरी खोली

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिने मनीषनगरात नवा टू बीएचके घेतलाय आणि त्यातली छोटी बेडरूम नवऱ्याने 'म्युझिक रूम' म्हणून डिक्लेअर केलीय. स्पीकर आले, अॅम्प्लिफायर आला, आता भिंतींना लावायचा तो काळा खड्ड्याखड्ड्यांचा फोम मागवायचा, तर किती तुकडे मागवू, हा तिचा सवाल. मी म्हटलं, "एकही नको." तर म्हणते, "तू तर स्वतःच्या घरी शहाण्णव लावले होते ना बे?"

लावले होते. शहाण्णवच्या शहाण्णव काढलेही. आणि ते काढायला लागण्याआधी जे काही झालं ते आठवलं की अजूनही स्वतःच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

तर झालं असं. आमचं घर प्रतापनगरात. जुनं, आणि स्लॅबवर नंतर बांधलेली एक खोली. 12 फूट बाय 10 फूट, उंचीही 10 फूट. बाबा एजी ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा ही खोली त्यांच्या गाण्यासाठी करायची असं मी जाहीर केलं. बाबांकडे कॅसेटच्या दोन ट्रंका आहेत, त्यातली निम्मी ट्रंक एकट्या वसंतराव देशपांड्यांची. वसंतराव जन्मले मूर्तिजापूरला, 1920 साली, पण गाण्याचे पहिले धडे नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. त्यामुळे आमच्याकडे ते 'आपले' आहेत, पुणे-मुंबईने कितीही मिरवू देत.

खोली रिकामी होती तेव्हा टाळी वाजवली की 'ट्ण्ण्ण' असा एक विचित्र, पत्र्यासारखा आवाज यायचा. समोरासमोरच्या दोन टणक भिंती, खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपी. टाळीचा आवाज त्यांच्यात टेबल टेनिससारखा इकडून तिकडे उडत राहतो, त्याचा तो आवाज. म्हणजे खोलीला ट्रीटमेंट हवी होती, हे खरंच. मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि एक फूट बाय एक फूटचे, एक इंच जाडीचे 96 फोम मागवले. साडेआठ हजार रुपये फुल टू खर्च. शिवाय जाड गालिचा, डबल पडदे. खोली दिसायला एकदम स्टुडिओ! फोटो काढले, मित्रमंडळींनी 'सही', 'भन्नाट' केलं. बाबा त्यांच्या खुर्चीत बसले, एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "छान आहे."

ज्यांच्या घरी वडील आहेत त्यांना ठाऊक असेल, 'छान आहे' हे कौतुक नसतं.

महिनाभरात लक्षात आलं की बाबा वर जातच नाहीत. खाली स्वयंपाकघरात, फ्रिजवरच्या जुन्या टू-इन-वनवर गाणी चालू. एवढा खर्च करून! शेवटी विचारलंच, काहून बाबा, वर का नाही ऐकत? तर म्हणाले, "गाणं उशीत तोंड खुपसून गाऊन राहिलं असं वाटते. तबला गादीवर वाजवल्यासारखा. आणि शब्द लागत नाही." मग थोडं थांबून, "माझेच कान गेले असतील, बेटा. वय झालं."

आणि मी काय केलं? मी मान्य केलं. सहासष्ट वर्षांचा माणूस म्हणतोय कान गेले, आणि मुलगी म्हणते असेल बुवा. कारण माझ्या फोमपेक्षा बाबांच्या कानांवर संशय घेणं मला जास्त सोपं होतं. धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासणी केली. बंद केबिनमध्ये हेडफोन लावून बीप ऐकायचे, आलेला आवाज बटण दाबून सांगायचा. त्याचा ग्राफ आला. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या आणि मधल्या आवाजांना, रेषा ठीकठाक. 3000 हर्ट्झच्या आसपासून उजवीकडे घसरगुंडी. तपासणाऱ्या बाईंनी छान समजावलं. वयाबरोबर आधी वरचे, बारीक आवाज जातात. आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ, थ हे सगळे तिथेच राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, आवाज येतो पण काय बोलला ते कळत नाही. सगळं पटण्यासारखं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुठे जास्त त्रास होतो?"

बाबा म्हणाले, "फक्त वरच्या खोलीत."

कान काय जिना चढल्यावर खराब होतात?

उत्तर मिळालं ते भलत्याच ठिकाणी. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता होता, म्हणून आम्ही सगळ्या गांधीबागेतल्या एका होलसेल कापड दुकानात बसलो होतो. खाली पांढरी गादी, तिन्ही भिंतींना छतापर्यंत तागे. शेठ तीन फुटांवर बसून रेट सांगतोय, तरी आवाज कुठून तरी लांबून येतोय असं वाटत होतं. सगळेच जण नकळत जरा ओरडून बोलत होते. मी साड्या सोडून तागेच बघत बसले. ही आमचीच खोली होती की! खरेदीला कधी गेलात तर कान देऊन बघा. आणि त्याच्या उलट अनुभव हवा असेल तर दीक्षाभूमीच्या स्तूपात जा. 2001 साली पूर्ण झालेला तो भला मोठा पोकळ घुमट. तिथे नुसतं खाकरलं तरी आवाज वर जाऊन फिरत राहतो. गाणं ऐकायची खोली या दोन टोकांच्या मधे कुठेतरी हवी. मी ती उचलून थेट कापड बाजारात नेऊन ठेवली होती.

नाटकांचा साउंड करणारा एक मित्र आहे, त्याला बोलावलं. तो आला, दारातूनच एक टाळी वाजवली आणि म्हणाला, "खोली ठार मारून टाकली बे तू."

मग त्याने फंडा क्लिअर केला, तो मला शाळेतल्या कुठल्याही सरांनी शिकवला नव्हता. आवाज म्हणजे लाट, आणि प्रत्येक सुराच्या लाटेची लांबी वेगळी. 10,000 हर्ट्झच्या बारीक आवाजाची लाट साडेतीन सेंटिमीटरची. 100 हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास साडेतीन मीटरची, म्हणजे आमच्या खोलीएवढी! भिंतीला चिकटवलेली मऊ वस्तू लाट नीट गिळते ती साधारण स्वतःच्या जाडीच्या चौपट लांबीपर्यंतची. एक इंच फोम म्हणजे चार इंचांची लाट, म्हणजे हिशेबाने 3400 हर्ट्झच्या आसपास आणि वरचं. त्याच्याखाली तो हळूहळू निकामी होत जातो, आणि डग्ग्याचा घुमारा तर त्याला दिसतच नाही. 100 हर्ट्झसाठी असाच फोम लावायचा तर जाडी हवी पावणेतीन-तीन फूट.

म्हणजे मी काय केलं होतं बघा. वरचे सगळे बारीक आवाज फोमने खाल्ले. खालचा घुमारा जसाच्या तसा ठेवला. आणि घुमारा एकटा उरला की तो उरलेल्या बारीक आवाजांवरही पांघरूण घालतो. बाबांचा ग्राफ 3000 पासून घसरतो, माझा फोम 3400 पासून खातो. त्यांच्या कानांनी जेवढं शिल्लक ठेवलं होतं, नेमकं तेवढंच मी साडेआठ हजार रुपये देऊन काढून घेतलं होतं.

"अंड्याचे ट्रे लावले असते तरी स्वस्तात झालं असतं," मित्र म्हणाला. हा टोमणा होता. अंड्याच्या ट्रेने जवळजवळ काहीही होत नाही, ही अफवा कॉलेजच्या प्रत्येक बँडने जिवंत ठेवलीय.

या सगळ्या शास्त्राची सुरुवातही म्हणे एका बिघडलेल्या खोलीतूनच झाली. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं काही समजत नव्हतं. शब्द साडेपाच सेकंद हवेत लोंबकळत राहायचा, तोवर पुढचे दहा शब्द त्याच्यावर येऊन आदळायचे. ते दुरुस्त करायला सांगितलं वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला. वय 27, म्हणजे माझ्याच बॅचचा म्हणायचा! हा गडी रात्री, शहर शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरच्या सीटवरच्या गाद्या उचलून हॉलमध्ये आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. अशा कित्येक रात्री. त्यातून त्याने नियम काढला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरतो. त्याच नियमावर बॉस्टनचा सिम्फनी हॉल बांधला, 1900 साली, आणि तो आजही जगातल्या उत्तम हॉलपैकी एक मानला जातो. घरच्या खोलीत आवाज विरायला 0.3 ते 0.5 सेकंद लागले तर गाणं मोकळं वाटतं. आमच्याकडे वरचे सूर त्याच्या कितीतरी आधी खलास होत होते, आणि खर्ज आपला रेंगाळतोय निवांत.

ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबांचे डोळे चमकले. "आमच्या खात्यातला रामन पण असाच होता," म्हणाले. एजी ऑफिसच्या कुठल्याही माणसाला छेडून बघा, पाच मिनिटांत सी. व्ही. रामन निघतोच. सर चंद्रशेखर वेंकट रामन आधी वित्त खात्यात नोकरीला होते आणि 1910 च्या सुमारास काही काळ नागपुरात होते, हे खरं आहे. पुढे 1920 साली त्यांनी 'नेचर'मध्ये आपल्या तबला-मृदंगावर लिहिलं. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधल्या शाईच्या वजनामुळे तबल्याचे जुळतात आणि म्हणून तबला सुरात बोलतो, हा त्यातला मुद्दा. आम्ही लगेच ठरवलं, खोलीची परीक्षा तबल्यानेच घ्यायची. चाटेचा 'ना' कडक आणि स्वच्छ यायला हवा, डग्गा फुगायला नको.

दुसरी परीक्षा मी गुपचूप ठरवली. स्पीकरच्या जागी उभं राहून, तोंडापुढे पेपर धरून, वीस सुटे शब्द वाचायचे आणि बाबांनी ऐकू आलेला शब्द सांगायचा. फोम असताना वीसपैकी अकरा. 'साप'चं 'आप', 'फळा'चा 'कळा'. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण अकरा हा आकडा मला दोन दिवस झोपू देईना.

मग फोम काढला. काढताना भिंतीचा रंग निघाला तो वेगळाच. चिकटपट्टीला नावं ठेवावीत तितकी कमीच. पुन्हा रंगाऱ्याला बोलवावं लागलं. फोम पोत्यांत भरून घराबाहेर, आणि याला आणखी एक कारण होतं. साधा पॉलियुरेथेन फोम पेटला तर भडकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. 2003 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइट क्लबमध्ये स्टेजच्या मागच्या असल्याच फोमने आतषबाजीच्या ठिणगीने पेट घेतला, शंभर माणसं गेली. आपल्याकडे 45 डिग्री तापलेला स्लॅब, एकाच बोर्डात खुपसलेले चार प्लग, आणि भिंतभर फोम. विचार करा.

जाड गालिचाही गेला, त्याच्या जागी एक छोटी सतरंजी. पडदा एकेरी. टाळीचा 'ट्ण्ण्ण' अर्थातच परत आला. तो घालवला मागच्या भिंतीवरच्या कपाटाने. आईच्या दिवाळी अंकांचं उघडं कपाट खालून वर आणलं. जाड अंक, बारीक अंक, काही आत ढकललेले, काही पुढे आलेले. अशा ओबडधोबड पृष्ठभागावर आवाज आपटला की मरत नाही, चहूकडे विखुरतो. फक्त अंक एका ओळीत नीट लावायचे नाहीत, ही अट आईला अजूनही पटलेली नाही. ती येता-जाता ते सरळ करते, मी पुन्हा विस्कटते.

बाजूच्या भिंतींसाठी मित्राने आरशाची युक्ती सांगितली. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथे आवाजाचा पहिला टप्पा पडतो. तेवढ्याच दोन जागी काहीतरी मऊ लावायचं, अख्खी भिंत झाकायची नाही.

राहिला घुमारा. इथे माझ्यातली विदर्भकन्या जागी झाली. ज्या गावात जमशेदजी टाटांनी 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली, जिथे देशाची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथे मी बाहेरगावाहून फोम मागवत होते! आमच्या माळ्यावर आजीच्या वेळच्या चार कापसाच्या गाद्या पडून होत्या, घरात स्प्रिंगच्या गाद्या आल्यापासून. त्या उतरवल्या आणि महालातल्या एका गादीवाल्याकडे नेल्या. म्हटलं, कापूस पिंजून चार नव्या करा. चार फूट बाय दोन फूट, जाडी आठ इंच, पण प्रत्येकीत सहाच किलो कापूस. शिवाय दोन छोट्या, चार इंच जाडीच्या, बाजूच्या भिंतींसाठी.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आठ इंचांत सहा किलो? ताई, झोपाल तं पाठ जमिनीला टेकीन."

"झोपायचं नाहीये काका. उभ्या करायच्या आहेत."

"उभ्या? कापूस सगळा खाली उतरून येईन ना बाप्पा. पोट सुटल्यासारखी दिसीन गादी."

ही गोष्ट ना माझ्या मित्राला सुचली होती, ना व्हिडिओवाल्यांना. काकांनीच उपाय काढला: नेहमीच्या दुप्पट टाके, चार-चार बोटांवर. खोळ साध्या मांजरपाटाची. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर आवाजही आत जाणार. रेक्झिन किंवा चकचकीत कापड लावलं तर सगळी मेहनत फुकट. सुताराकडून दोन साध्या चौकटी करून घेतल्या आणि स्पीकरमागच्या दोन्ही कोपऱ्यांत एकीवर एक अशा दोन-दोन गाद्या तिरप्या उभ्या केल्या, मागे पोकळ जागा सोडून. खर्जाचा दाब सगळ्यात जास्त साचतो तो कोपऱ्यांत, आणि जाडी अधिक पोकळी मिळून तिथे थोडं तरी काम होतं. कापूसही पेटतोच, तेव्हा प्लग आणि उदबत्ती दोन्ही लांब. सगळा खर्च फोमच्या निम्म्याहून कमी.

सगळं सुटलं असं मात्र नाही. खोलीची रुंदी 10 आणि उंचीही 10, त्यामुळे दोन्हीकडून एकच सूर फुगतो, 56 हर्ट्झच्या आसपासचा, आणि मग त्याच्या दुपटीचा, 112 चा. हा दुसरा फार त्रासदायक, कारण पुरुषी आवाजाचे खालचे सूर इथेच. गाद्यांनी 112 बराच आवरला. 56 ला कापूस पुरत नाही. बांधतानाच उंची 11 फूट केली असती तर, असं आता म्हणून काय उपयोग! (मैत्रिणीची बेडरूम 10 बाय 10 बाय 10 आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.) त्यावर उतारा एकच, खुर्ची आणि स्पीकर सरकवणं, आणि तो फुकट आहे. बाबांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, तिथे खर्ज सगळ्यात जास्त फुगतो. ती साडेचार फूट पुढे आणली. खोलीच्या ऐन मधोमधही नाही, तिथे काही सूर चक्क गायब होतात. स्पीकर समोरच्या भिंतीपासून दोन फूट पुढे, एकमेकांत साडेपाच फूट, बाबांपासूनही तेवढेच. खरं सांगते, नुसत्या या सरकवण्याने जेवढा फरक पडला तेवढा मी विकत घेतलेल्या कुठल्याच वस्तूने पडला नव्हता. पैसे टाकण्याआधी एक रविवार खुर्ची ढकलण्यात घालवा.

त्या संध्याकाळी वसंतरावांची कॅसेट लावली. बाबा काही बोलले नाहीत. पण तान आली तेव्हा खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं एकेक दाणा मोजल्यासारखी चालली होती, आणि 'ना' पडला की मान बरोबर तिथे. बाजू संपली तेव्हा म्हणाले, "दुसरी लाव." मग मी पेपर घेऊन स्पीकरच्या जागी उभी राहिले. वीसपैकी सतरा. चुकलेल्या तिघांत 'साप' पुन्हा होता.

कानाचं मशीनही आता घेतलंय, ते टाळण्यात अर्थ नव्हता. गप्पांना आणि फोनला लावतात, वर गाण्याला बसले की काढून खिशात ठेवतात.

आता प्रश्न उन्हाळ्याचा. नागपुरात मार्च ते जून घरात कूलर असतो, आणि खिडकीतला कूलर चालू असताना जगातली कुठलीही खोली चांगली वाजत नाही. आम्ही तह केलाय: एक बाजू अर्धा तास कूलर बंद, मग दहा मिनिटं चालू, मग दुसरी बाजू. शिवाय कूलरच्या दमट हवेने गाद्यांना कुबट वास येतो, त्यामुळे महिन्यातून एकदा त्यांना गच्चीवर ऊन दाखवायचं. उन्हाची आपल्याकडे काय कमी.

गेल्या मे महिन्यात सकाळीच सगळ्या गाद्या गच्चीवर टाकल्या आणि मी एका डेडलाइनच्या मागे लागून विसरून गेले. संध्याकाळी बाबांनी वर कॅसेट लावली. दोनच मिनिटांनी जिन्यातून हाक आली.

"गाद्या आण गं खाली. तंबोरा सुजून राहिला."